अर्धा शेर तांदूळ : ‘माझा प्रवास’मधील झाशी, दारिद्र्य आणि राज्याचे दातृत्व

१

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाकडे मराठी अभ्यासकांनी आजवर प्रामुख्याने दोन वाटांनी पाहिले आहे. इतिहासकारांनी त्यात १८५७-५८च्या उठावाची प्रत्यक्षदर्शी साक्ष शोधली, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी मराठी प्रवासवर्णनाचा व आत्मपर गद्याचा एक आरंभबिंदू. दोन्ही वाटा रास्त आहेत. तथापि, या ग्रंथाची जी पहिली आणि अखेरपर्यंत न सुटणारी प्रेरणा आहे, तिचा विचार त्यांपैकी एकाही वाटेने पुरेसा झालेला नाही. ती प्रेरणा म्हणजे एका कर्जबाजारी कुटुंबाची विवंचना. वरसईसारख्या कोकणातल्या गावचा, तिशीच्या आसपासचा एक भिक्षुक १८५७च्या आरंभी घर सोडून उत्तरेची वाट धरतो, तो ना तीर्थयात्रेच्या ओढीने, ना कुतूहलाने. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत, तेथे मोठी दक्षिणा मिळेल आणि तीतून घरावरचे ऋण फिटेल, हा त्याचा हिशेब आहे. युद्ध त्याला वाटेत भेटते. तो निघालेला असतो राज्याच्या दातृत्वाकडे.

या दृष्टीने पाहता ‘माझा प्रवास’ हा राज्यसंस्था आणि गरीब कुटुंब यांच्यातील व्यवहाराचा ग्रंथ ठरतो. राज्याने दिलेले द्रव्य, वस्त्र वा अन्न एखाद्या घरापर्यंत कसे पोहोचते, कोणापर्यंत पोहोचत नाही आणि देणारा हात नाहीसा झाला म्हणजे घेणाऱ्याचे काय होते, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात, विशेषतः त्यातील झाशीच्या प्रकरणांत, विखुरलेली आहेत. आजच्या परिभाषेत ज्याला आपण कल्याणकारी धोरण म्हणतो, त्याचे हे पूर्वरूप होय. ते तपासावे आणि त्याच्या शेजारी समकालीन अशी दुसरी दोन लेखनरूपे ठेवून पाहावे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

आरंभीच एक सावधगिरी नोंदविली पाहिजे. गोडसे यांनी हा वृत्तांत घटनांनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३च्या सुमारास, आपले यजमान चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहिला. वैद्यांनी तो संस्कारून १९०७ साली प्रसिद्ध केला, आणि मूळ लेखनाबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ साली उपलब्ध झाला. म्हणजे स्मृती, यजमानाची अपेक्षा आणि संपादकाची लेखणी अशा तीन थरांतून ही झाशी आपल्यापर्यंत येते. परंतु आपल्या विवेचनाच्या दृष्टीने यातील दुसरा थर अडचणीचा नसून उपकारक आहे. ज्या यजमान-भिक्षुक नात्याचे हे पुस्तक वर्णन करते, त्याच नात्यातून ते स्वतः निपजले आहे.

२

झाशीच्या प्रकरणांत दानाचे दोन प्रकार एकमेकांना न भेटता शेजारी शेजारी वावरताना दिसतात. पहिला प्रकार दक्षिणेचा. राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाने अनुष्ठाने चालतात, शास्त्री-पंडित आणि वैदिक यांचा परामर्श घेतला जातो, आणि दूर देशाहून आलेल्या विष्णुभटाला व त्याचे चुलते रामभट यांना तेथे आदराने जागा मिळते. या दानाला पात्रता लागते. ही पात्रता दारिद्र्याची नाही, जन्माची आणि विद्येची आहे. विष्णुभट गरीब आहे हे खरे. पण गरीब म्हणून त्याला काही मिळत नाही. ब्राह्मण आणि वेदवेत्ता म्हणून मिळते, आणि त्या मिळण्यातून त्याचे दारिद्र्य हटण्याची शक्यता निर्माण होते. रक्कम हाती राहिली तर कर्ज फिटेल, मुलाबाळांची कार्ये होतील, घर पुन्हा उभे राहील. आजच्या अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर हे दान राहणीमान बदलू शकणारे आहे, कारण ते रोकड आहे, एकरकमी आहे आणि घेणाऱ्याने ते कसे वापरावे यावर देणाऱ्याचा निर्बंध नाही.

दुसरा प्रकार एका प्रसंगात येतो, आणि मराठी वाचकाला तो बहुधा पाठ असतो. हिवाळ्याचे दिवस आहेत. महालक्ष्मीच्या दर्शनाहून परतताना राणीला शहराच्या दरवाज्यापाशी भिकाऱ्यांचा मोठा जमाव दिसतो. हे लोक का जमले आहेत, असे ती दिवाण लक्ष्मणराव यांना विचारते. फार गरीब लोक आहेत, थंडीने हैराण झाले आहेत, असे उत्तर येते. मग शहरातले शिंपी कामाला लागतात, आणि थोड्याच दिवसांत त्या लोकांना माणशी एक टोपी, एक बंडी आणि एक घोंगडी दिली जाते.

हा प्रसंग राणीच्या औदार्याचा दाखला म्हणून चरित्रांतून आणि पाठ्यपुस्तकांतून पुनःपुन्हा सांगितला गेला. त्याची धोरण म्हणून तपासणी केली तर चार गोष्टी लक्षात येतात. एक, येथे पात्रतेची अट नाही. थंडी हीच पात्रता. कोण कुठल्या जातीचा, कोण काम करण्यास समर्थ आणि कोण असमर्थ, अशी निवड झाल्याचे लेखक सांगत नाही. दोन, दिलेली वस्तू गरजेशी नेमकी जुळणारी आहे. डोके, छाती आणि रात्र यांचा विचार त्यात आहे. तीन, त्या खर्चाने शहरातल्या शिंप्यांना काम मिळते. म्हणजे मदतीचा पैसा दोन हातांतून फिरतो. आणि चार, हे सर्व राणीच्या दृष्टीस पडण्यावर अवलंबून आहे. ती त्या दिवशी त्या दरवाज्याने गेली नसती, किंवा गेली आणि तिने विचारले नसते, तर ती थंडी तशीच पुढे चालू राहिली असती. तिला उत्तर देणाऱ्या दिवाणाला ती परिस्थिती आधीच ठाऊक होती, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. माहिती दरबारात होती, आज्ञा नव्हती.

या दोन दानांचा परिणाम सारखा नाही. दक्षिणेने कुटुंबाचा दर्जा बदलू शकतो. घोंगडीने एक हिवाळा निभावतो. घोंगडी घेणारा पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दरवाज्यापाशी उभा राहील. दारिद्र्यनिवारण आणि दारिद्र्यात तग धरणे, यांतला हा भेद आहे, आणि झाशी संस्थानात तो भेद जन्मावरून ठरत होता. लेखकाला याची जाणीव आहे असे दिसत नाही. त्या जमावाकडे तो करुणेने पाहतो, पण आपण आणि ते एकाच तिजोरीचे आश्रित आहोत हे त्याच्या मनात येत नाही. वाचकाच्या मनात ते आल्यावाचून राहत नाही.

३

ही तिजोरी त्या वेळी कोणत्या अवस्थेत होती? गंगाधररावांचा मृत्यू नोव्हेंबर १८५३मध्ये झाला, दत्तक नामंजूर झाले आणि १८५४ साली झाशी खालसा झाली. राणीला दरमहा पाच हजार, म्हणजे वर्षाला साठ हजार रुपयांचे निवृत्तिवेतन देऊ करण्यात आले. पुढे पतीचे कर्जही त्यातूनच फेडावे, असा आग्रह कंपनी सरकारने धरला. संस्थानची फौज मोडण्यात आली. महालक्ष्मीच्या मंदिराच्या खर्चासाठी लावून दिलेल्या गावांचे उत्पन्न सरकारजमा झाले, आणि राणीने त्याविरुद्ध तक्रार केली.

इतिहासाच्या पुस्तकांत ही कलमे राणीवरील अन्यायाची म्हणून येतात. पण प्रत्येक कलमामागे कुटुंबे आहेत. मोडलेल्या फौजेतला प्रत्येक शिपाई एका घराचा मिळवता होता. मंदिराची गावे गेली म्हणजे पुजारी गेला, तसाच झाडणारा, फुले देणारा, वाजंत्री आणि प्रसादावर दिवस काढणारा भिकारीही गेला. जुन्या राज्यात गरिबाला जे मिळत होते ते वेतन, वर्षासन, इनाम, सदावर्त, प्रसाद अशा अनेक नावांनी आणि अनेक हातांतून मिळत होते. कंपनीच्या हिशेबात यांपैकी ‘गरिबांसाठीचा खर्च’ या नावाचे एकही खाते नव्हते. त्यामुळे खालसा करताना ते बंद केले जात आहे, याची नोंदही झाली नाही. धोरणाने गरिबी कशी वाढते, याचा हा एक नमुना आहे. गरिबांच्या विरोधात एकही हुकूम निघत नाही, केवळ ज्या व्यवस्थेला ते लोंबकळत होते ती काढून घेतली जाते. दरवाज्यापाशी थंडीत उभा असलेला तो जमाव किती जुना आणि किती १८५४नंतरचा, हे ‘माझा प्रवास’ सांगत नाही. परंतु हा प्रश्न विचारल्याशिवाय टोपी-बंडी-घोंगडीचा प्रसंग वाचणे म्हणजे कार्य पाहणे आणि कारण सोडून देणे होय.

मार्च १८५८च्या उत्तरार्धात सर ह्यू रोज यांच्या सैन्याने झाशीला वेढा घातला. एप्रिलच्या आरंभी शहर पडले आणि ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्यातून बाहेर पडली. त्यानंतरच्या कत्तलीचे आणि लुटीचे वर्णन हा या ग्रंथातील सर्वांत भेदक भाग आहे. त्या वर्णनाची रचना पाहण्यासारखी आहे. लूट एका क्रमाने येते. आधी सोने-नाणे, मग भांडीकुंडी, मग कपडे आणि अखेरीस धान्य. घर एकेका थराने सोलले जाते. श्रीमंत घराचे दागिने गेले तरी भांडी उरतात, भांडी गेली तरी कपडे उरतात. पण लूट धान्यापर्यंत पोहोचली म्हणजे ज्यांच्याकडे आधीच काही नव्हते त्यांच्याही चुलीपर्यंत ती पोहोचली. हिवाळ्यात राणीने दिलेल्या वस्तूंची यादी आणि वसंतात सैन्याने नेलेल्या वस्तूंची यादी, या दोन याद्या एकाच पुस्तकात, काही पानांच्या अंतराने येतात. एका शहरातील गरिबाचे राहणीमान राज्याच्या हातात किती पूर्णपणे असते, हे दाखविण्यासाठी यापेक्षा वेगळ्या विवेचनाची गरज नाही.

लेखक स्वतः त्यात नागवला गेला. जन्माच्या आणि विद्येच्या पात्रतेने त्याला जे मिळाले होते ते टिकविण्यासाठी त्याच्याजवळ कोणतेही साधन नव्हते. येथे, आणि बहुधा एवढ्याच ठिकाणी, तो त्या दरवाज्यापाशी उभ्या असलेल्या जमावाच्या पंक्तीला येऊन बसतो.

४

झाशी सुटल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी विष्णुभटाला राणी पुन्हा भेटते. ती धुळीने माखलेली आणि तहानलेली आहे. तो पाणी शेंदून देऊ लागतो. विद्वान ब्राह्मणाकडून हे काम करून घेणे तिला रुचत नाही आणि ती स्वतः पाणी काढते. त्या प्रसंगीच्या तिच्या बोलण्याचा जो आशय लेखक देतो, त्यात एक माप आहे. आपल्यासारख्या विधवेला पोटापुरता अर्धा शेर तांदूळ पुरेसा होता, तरीही धर्माच्या अभिमानाने आपण या कामी पडलो, असे ती म्हणते.

या उद्गाराचे वीररसाच्या अंगाने पुष्कळ कौतुक झाले आहे. प्रस्तुत लेखकाला त्यातील अर्धा शेर महत्त्वाचा वाटतो. एका माणसाला जगण्यास किती लागते, याचे हे माप आहे. विधवेच्या अन्नवस्त्राचा प्रश्न त्या काळच्या कुटुंबव्यवस्थेत नित्याचा होता, आणि तिच्या वाट्याचे धान्य मोजून ठरविण्याची रीतही परिचित होती. साठ हजारांचे निवृत्तिवेतन ज्या स्त्रीला देऊ केले होते ती स्वतःची गरज अर्ध्या शेरात सांगते. यातून तिचे वैराग्य दिसते. पण राज्य हे स्वतःच्या उपभोगासाठी नसते, ही भूमिकाही दिसते. अर्थात तिने दिलेले कारण धर्माचे आहे, गरिबांचे नाही. त्या वाक्यात आजच्या कल्याणकारी राज्याची कल्पना वाचणे हा अतिरेक होईल.

या मापाला दुसरीकडे एक विलक्षण जोड मिळते. १८७६-७८च्या दुष्काळात, १८७७च्या आरंभी, सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. शेराची मापे प्रांतोप्रांती निराळी होती हे खरे. पण ऐंशी तोळ्यांचा शेर धरला तर अर्धा शेर म्हणजे जवळजवळ एक पौंडच भरतो. राणीने विधवेच्या बसल्या पोटासाठी जे माप सांगितले, तेच साम्राज्याने दिवसभर खडी फोडणाऱ्या मजुरासाठी ठरविले. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडून दिली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली, मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी कॉर्निश यांनी या मापावर वैद्यकीय आक्षेप घेतला, आणि पुढे ते माप वाढवावे लागले. एका ठिकाणी हे माप स्वेच्छेने पत्करलेल्या संयमाचे आहे, दुसऱ्या ठिकाणी वरून लादलेल्या काटकसरीचे. धान्य तेवढेच आहे.

५

१८८३ हे साल तुलनाकारांच्या दृष्टीने फार सूचक आहे. गोडसे आपला वृत्तांत लिहीत होते त्या सुमारासच जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला, आणि १८८०च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींतून निघालेली दुष्काळ संहिताही त्याच साली आकाराला आली. एक प्रवासवृत्त, एक निबंध आणि एक सरकारी संहिता, असे तीन लेखनप्रकार एकाच वेळी एकाच प्रश्नाला सामोरे जातात : गरिबाला कोणी, काय आणि कशाच्या बळावर द्यावे?

फुल्यांच्या ग्रंथाची जुळणी गोडशांच्या ग्रंथाशी करून पाहिली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. गोडशांच्या पुस्तकात दक्षिणा जमेच्या बाजूला आहे, फुल्यांच्या पुस्तकात ती खर्चाच्या. जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींतून शेतकऱ्याच्या घरातला पैसा कसा बाहेर जातो, हे फुले पहिल्या प्रकरणापासून दाखवीत जातात; पुढे सरकारी कर, पट्ट्या आणि सावकारी यांची बेरीज करतात, आणि शेतकऱ्याचे घर, वस्त्र व अन्न यांचे वर्णन करून त्या बेरजेचा परिणाम समोर ठेवतात. झाशीच्या तिजोरीतून विष्णुभटाच्या हाती आलेला रुपया बुंदेलखंडातल्या कोणत्या तरी शेतावरून आलेला होता. तो रुपया दोन ग्रंथांत दोन टोकांनी दिसतो. एका टोकाला तो एका घराचे ऋण फेडतो. दुसऱ्या टोकाला तो दुसऱ्या घराचे ऋण वाढवितो. ‘माझा प्रवास’ एकट्याने वाचला तर दान हे केवळ पुण्य वाटते. ‘असूडा’सह वाचला तर त्याला दाता, ग्रहीता आणि ज्याच्याकडून घेतले तो, असे तीन पक्ष असल्याचे कळते.

फुल्यांचा दक्षिणेशी संबंध याहून जुना आहे. पेशवाईत श्रावणात पुण्याच्या पर्वतीखालील रमण्यात वाटली जाणारी दक्षिणा १८१८नंतर इंग्रजांनी मर्यादित रूपात चालू ठेवली, आणि १८२१ची पुण्याची संस्कृत पाठशाळा त्याच निधीतून निघाली. या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळवावा, असा अर्ज १८४९ साली पुण्यातील सुधारकांनी केला. त्यात लोकहितवादी होते, आणि सनातन्यांच्या विरोधाच्या वेळी फुल्यांनी अर्जदारांना पाठबळ दिले. त्यातून पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी आली. म्हणजे आधुनिक मराठी गद्याच्या एका भागाची आर्थिक मुळे एका जुन्या दानव्यवस्थेच्या फेरवाटपात आहेत. १८५५ साली फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक याच कमिटीकडे दिले. गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहदशेचे भय घालून तिच्या घराला खर्चात पाडणाऱ्या जोशाची ती कथा. दक्षिणा गरिबाचे घर कसे पोखरते हे सांगणारे नाटक दक्षिणेच्याच पैशांतून छापले जावे, अशी ती मागणी होती. कमिटीने नाटक स्वीकारले नाही. निधीचे वाटप बदलले होते, पात्रता ठरविणारी दृष्टी अजून बदललेली नव्हती.

तिसरा पाठ संहितेचा. दुष्काळ संहितेने एक मोठी गोष्ट केली : मदत हे राज्याचे कर्तव्य असल्याचे लेखी मान्य केले. कोणा राणीने दरवाज्याने जाण्याची आता वाट पाहावी लागणार नव्हती. परंतु त्याच वेळी तिने गरिबांची वर्गवारी केली. समर्थ शरीराच्या माणसाने काम करून आपली गरज सिद्ध करावी, आणि असमर्थाला तेवढी फुकट मदत मिळावी. गरिबाच्या बोलण्यावर विश्वास नसल्याने त्याच्या शरीराचीच साक्ष काढण्यात आली. झाशीच्या दरवाज्यापाशी अशी परीक्षा नव्हती, आणि नेमही नव्हता. संहितेत नेम आला, आणि त्याच्यासोबत परीक्षा आली. गोडशांच्या दक्षिणेत जन्माची पात्रता, राणीच्या घोंगडीत दात्याची दृष्टी, संहितेत शरीराची परीक्षा : या तीन तत्त्वांनी तीन निरनिराळे गरीब घडविले. खालच्या तिघांपैकी फक्त पहिल्यालाच आपला वृत्तांत लिहिता आला. घोंगडी घेणाऱ्याचे आणि खडी फोडणाऱ्याचे पुस्तक आपल्याजवळ नाही. फुल्यांचा निबंध ती जागा भरू पाहतो, तरीही तो त्यांच्या वतीने लिहिलेला आहे.

६

झाशीच्या या कथेचे पुढे इतर भारतीय भाषांत जे संक्रमण झाले, त्यात आपल्या प्रश्नाचे काय झाले? दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे राणीचे मराठी चरित्र १८९४ साली आले. झाशीचेच असलेल्या वृंदावनलाल वर्मा यांनी १९४६च्या हिंदी कादंबरीत पारसनीसांशी वाद घातला आणि राणी नाइलाजाने नव्हे तर स्वराज्यासाठी लढली, अशी मांडणी केली. कोरी समाजातील झलकारी या कादंबरीत एक लक्षणीय पात्र म्हणून येते. महाश्वेता देवी यांचे १९५६चे बंगाली पुस्तक झाशीच्या परिसरात हिंडून लोकस्मृती आणि लोकगीते यांच्या आधाराने लिहिले गेले. अमृतलाल नागर यांनी गोडशांचा ग्रंथ हिंदीत नेला, आणि २०११ ते २०१४ या काळात त्याचे तीन इंग्रजी अवतार निघाले.

या संक्रमणात गरिबाचे स्थान पालटत गेले. गोडशांच्या पुस्तकात तो मदत घेणारा जमाव आहे. कादंबरीत तो लढणारी प्रजा होतो. लोकगीतांच्या संग्रहात तो स्मरण ठेवणारा समाज होतो. ही वाटचाल गरिबाला मान देणारी आहे, यात शंका नाही. पण तिची एक किंमतही आहे. प्रजा लढू लागली की तिला थंडी वाजत नाही. राष्ट्रीय कथेत तो दरवाज्यापाशीचा जमाव राणीच्या गुणवर्णनाचे निमित्त होऊन उरतो, आणि त्याच्या अंगावरचे फाटके वस्त्र, जे भिक्षुकाच्या नजरेने टिपले होते, ते मागे पडते. भिक्षुकाची नजर मर्यादित होती, पण मिळणे आणि न मिळणे यांतला फरक तिला पोटाने ठाऊक होता. इंग्रजी अनुवादांच्या शीर्षकांत १८५७ हे साल ठळक झाले आहे आणि कर्ज दिसेनासे झाले आहे, हेही याच प्रक्रियेचे एक टोक होय. तुलनात्मक अभ्यासाने भाषांतरातील शब्दांबरोबर अशी विस्मरणेही मोजली पाहिजेत.

७

महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, २००५ साली देशाने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, २००९ साली दुष्काळग्रस्त बुंदेलखंडासाठी केंद्राने ७,२६६ कोटी रुपयांचे विशेष अर्थसाहाय्य मंजूर केले, आणि २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांतील माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. दिवसाच्या हिशेबाने हे धान्य सुमारे १६७ ग्रॅम होते. राणीने सांगितलेल्या अर्ध्या शेराच्या, ऐंशी तोळ्यांच्या मापाने, ते निम्म्याहूनही कमी आहे. कायद्याचा उद्देश घराच्या स्वतःच्या कमाईला जोड देण्याचा आहे, म्हणून ही तुलना शब्दशः घेता येत नाही. तरी ती एक प्रश्न उभा करते. जे माप पूर्वी दात्याच्या मर्जीने पूर्ण मिळत असे वा मुळीच मिळत नसे, ते आता अपुरे पण हक्काने मिळते. यांतले अधिक काय?

‘माझा प्रवास’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या कथानकाच्या शेवटानेच देतो, असे मला वाटते. झाशी संस्थानचे दातृत्व उदार होते, गरजेशी जुळणारे होते आणि विनापरीक्षा होते. पण ते एका व्यक्तीच्या असण्याला बांधलेले होते. ती व्यक्ती ४ एप्रिल १८५८च्या रात्री शहराबाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी त्या दातृत्वापैकी काहीही उरले नाही. टोपी, बंडी आणि घोंगडी मिळालेल्यांना ती पुन्हा मागण्यासाठी कोणतेही दार नव्हते. हक्क तोकडा असला तरी देणारा गेल्यावर तो मागता येतो, त्यासाठी भांडता येते, १८७७च्या मजुरांप्रमाणे त्याचे माप अपुरे आहे असे म्हणता येते. मात्र हक्काच्या व्यवस्थेनेही त्या दरवाज्यापाशीच्या प्रसंगातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तेथे आधी विचारले गेले की या लोकांना काय होते आहे, आणि उत्तर थंडी असे आल्यावर जे दिले गेले ते थंडीवरच दिले गेले. पात्रतेचा कागद मागण्यापूर्वी हा प्रश्न विचारणारे धोरण विरळा.

विष्णुभट अखेर वरसईस परतला तेव्हा ज्यासाठी निघाला होता ते द्रव्य त्याच्या गाठीला नव्हते. अनेकदा लुटला गेलेला तो माणूस आईवडिलांसाठी गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन आला. मराठी परंपरेने त्या कावडीत पुत्रधर्माची कृतार्थता पाहिली, आणि ती तेथे आहेच. परंतु ज्या घरातून तो निघाला त्या घरावर कर्ज होते, आणि गंगाजलाने कर्ज फिटत नाही. राज्यांच्या दातृत्वाच्या भरवशावर केलेल्या या प्रवासाचा जमाखर्च शेवटी एवढाच उरतो. तो लिहून ठेवण्याचे काम त्या कुटुंबातल्या माणसाने केले, हे मराठी वाङ्मयाचे भाग्य; आणि तो जमाखर्च म्हणून वाचणे, हे काम अजून व्हायचे आहे.